मधोमध उभे केलेले मूल

ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहात निरनिराळ्या परंपरांतील मंडळ्यांनी एकत्र यावे, आणि मांडीवरच्या बाळापासून काठी टेकत येणाऱ्या वृद्धांपर्यंत सर्वांनी एका छपराखाली बसून उपासना करावी, अशा उपासनेची आखणी हे वरवर पाहता संयोजनाचे काम वाटते. गीते कोणती घ्यायची, वाचन कोणी करायचे, मुलांकडे काय सोपवायचे, संदेश किती मिनिटांचा असावा, अशा गोष्टींची ती यादी असते. मात्र या यादीतील जवळजवळ प्रत्येक बाबीच्या पोटात ईश्वरशास्त्राचा, म्हणजे देवाविषयी आणि देवाशी असलेल्या माणसाच्या नात्याविषयी शिस्तशीर विचार करणाऱ्या शास्त्राचा, एखादा न सुटलेला प्रश्न असतो. आखणी करणाऱ्यांच्या तो लक्षात आला नाही, तरी त्यांच्या निर्णयातून त्याचे काही ना काही उत्तर दिले जातेच. जे ऐक्य अजून पुरते घडलेले नाही ते उपासनेत साजरे करता येते काय, आणि ते साजरे करताना मुलांना पुढे आणल्याने त्याचे अपुरेपण झाकले जाते की उघडे पडते, हा त्यांतील सर्वांत कठीण प्रश्न आहे.

या सप्ताहाच्या तारखाच मुळी ऐक्याविषयीच्या एका जुन्या कल्पनेतून आल्या आहेत. १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन या अँग्लिकन परंपरेतील धर्मगुरूंनी १८ जानेवारी हा तेव्हाचा संत पेत्राच्या आसनाचा सण आणि २५ जानेवारी हा संत पौलाच्या परिवर्तनाचा सण, या दोन सणांमधले आठ दिवस प्रार्थनेसाठी निवडले. पेत्राचे आसन म्हणजे रोमच्या बिशपचा अधिकार. त्यामुळे सर्वांनी रोमकडे परतावे ही अपेक्षा त्या निवडीतच होती, आणि वॉटसन स्वतः पुढच्याच वर्षी कॅथलिक ख्रिस्तसभेत दाखल झाले. १९३० च्या दशकात फ्रान्समधील लियाँ शहरातील पॉल कुतुरिए या कॅथलिक धर्मगुरूंनी तारखा तशाच ठेवून प्रार्थनेचा रोख बदलला : ख्रिस्ताला हवे तसे आणि त्याला हव्या त्या मार्गाने ऐक्य घडावे, एवढेच मागावे, म्हणजे कोणी कोणाकडे परतायचे हे आधीच ठरवून प्रार्थनेला बसण्याची गरज उरत नाही. १९६८ पासून या सप्ताहाची प्रार्थना-सामग्री जागतिक चर्च परिषदेचा ‘विश्वास आणि व्यवस्था’ आयोग आणि व्हॅटिकनचा ऐक्यविषयक विभाग मिळून प्रसिद्ध करतात, आणि दरवर्षी तिचा मसुदा वेगळ्या देशातील ख्रिस्ती लोकांकडून येतो. २०१३ चा मसुदा भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने केला होता. त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील, देव माणसाकडून नेमके काय मागतो हा प्रश्न घेतला आणि त्याचा अर्थ दलितांच्या अनुभवातून लावला. ऐक्य म्हणजे केवळ पंथांमधला समझोता, हे त्या मसुद्याने मान्य केले नव्हते.

येथे ‘मंडळी’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. ग्रीक भाषेतील ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून एकत्र केलेल्या लोकांचा समुदाय, या शब्दासाठी मराठी प्रोटेस्टंट परंपरेने ‘मंडळी’ हा शब्द घेतला, तर मराठी कॅथलिकांत ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द रूढ आहे. सभेला सभासद लागतात, सभासदत्वाला पात्रता लागते आणि पात्रतेला बहुधा वयही लागते. ‘मंडळी’ हा शब्द मात्र मराठीत चर्चच्या आधीपासून घराघरांत नांदत आला आहे. घरची मंडळी म्हटले की त्यात पाळण्यातले मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी दोघेही गृहीत असतात, आणि त्यांची मोजदाद करताना कोणी वय विचारत नाही. भाषांतरकारांनी हा अर्थ हेतुपूर्वक निवडला असो वा नसो, मराठी मंडळ्यांच्या हाती तो एक फुकटचा ठेवा आला आहे, आणि सर्व वयोगटांच्या उपासनेचे समर्थन करताना तो क्वचितच वापरला जातो.

सर्व वयोगटांची उपासना म्हणजे मुले, तरुण, प्रौढ आणि वृद्ध यांना वेगवेगळ्या खोल्यांत न पाठवता, उपासनेच्या प्रत्येक भागात सर्वांना वाटा मिळेल अशा रीतीने बांधलेली उपासना. ‘कौटुंबिक उपासना’ हे जुने नाव आज अनेक जण टाळतात, कारण अविवाहित, विधवा, विधुर, आणि घरच्यांपैकी एकटेच विश्वास ठेवणारे लोक त्या नावाने बाहेर राहतात. मुले मुख्य उपासनेतून बाहेर कशी गेली याचा इतिहासही फार जुना नाही. १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी सुरू केलेल्या रविवारच्या शाळा आठवड्याचे सहा दिवस मजुरी करणाऱ्या मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून होत्या. उपासनेला पर्याय उभा करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मिशनांबरोबर ही शाळा महाराष्ट्रात आली आणि ‘शब्बाथशाळा’ या नावाने इतकी रुजली की पुढे अनेक ठिकाणी तिची वेळ मोठ्यांच्या उपासनेच्या वेळेवरच येऊन बसली. जॉन वेस्टरहॉफ या अमेरिकी लेखकाने १९७६ मध्ये असा आक्षेप घेतला की विश्वास हा वर्गात शिकवण्याचा विषय मानल्यामुळे पिढ्या एकमेकींपासून तुटल्या आणि तो समुदायात राहून अंगवळणी पडण्याची वाटच बंद झाली. हा आक्षेप थोडा अतिरेकी आहे, कारण शब्बाथशाळेत पाठ केलेल्या वचनांवर आयुष्य काढलेली माणसे मराठी मंडळ्यांत कमी नाहीत. तरीही मुद्दा उरतोच, की जी मंडळी आपल्याच घरातील वयोगटांना वेगळे बसवते ती दुसऱ्या पंथाच्या माणसाला शेजारी बसवून कोणते ऐक्य दाखवणार.

त्याहून खोल अडचण अशी, की मूल हा ख्रिस्ती मतभेदांच्या ऐन मध्यावरचा विषय आहे. ऐक्याच्या उपासनेत मुलांकडून एखादे गोड गीत गाऊन घेणारे संयोजक ही गोष्ट बहुधा विसरतात. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याच्या विधीने ख्रिस्ताच्या समुदायात होणारा प्रवेश, तान्ह्या मुलाला द्यावा की स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देऊ शकणाऱ्यालाच द्यावा, या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोपात रक्त सांडले. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. विरोधकांनी त्यांना पुनर्बाप्तिस्मावादी हे नाव ठेवले आणि १५२७ मध्ये फेलिक्स मांझ यांना लिमाट नदीत बुडवून मारले. ही शिक्षा प्रोटेस्टंट नगरानेच दिली होती. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, गोष्टही वेगळी नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही त्याच वेळी प्रभुभोजन देतात. कॅथलिक परंपरेत पोप दहाव्या पायस यांच्या १९१० च्या आदेशानंतर समज येण्याचे वय साधारण सात वर्षांचे धरले जाते. आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यातील वचने मोठेपणी स्वतः स्वीकारण्याचा विधी, झाल्याशिवाय मूल प्रभूच्या मेजाशी जात नाही. एकाच बाकावर बसलेली तीन वर्षांची तीन मुले, तीन परंपरांच्या दृष्टीने, तीन वेगवेगळ्या अर्थांनी मंडळीच्या आत किंवा बाहेर असतात.

भारतातील ऐक्याच्या प्रयत्नांत हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्यात सहा परंपरा एकत्र आल्या. त्यांत बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल वारशाची संयुक्त मंडळी होती, तसेच केवळ विश्वासी व्यक्तीलाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्सही होते. त्यांनी काढलेला मार्ग असा होता, की दोन्ही पद्धती पर्यायी आणि समान योग्यतेच्या मानाव्यात : एखाद्या घरात बाळाला बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण होईल, तर दुसऱ्या घरात बाळाचे अर्पण करून आशीर्वाद मागितला जाईल आणि मोठेपणी त्याचा बाप्तिस्मा होईल. १९८२ मध्ये पेरू देशातील लिमा येथे ‘विश्वास आणि व्यवस्था’ आयोगाने बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद यांविषयी जो दस्तऐवज स्वीकारला, त्याचा रोखही मंडळ्यांनी एकमेकींचा बाप्तिस्मा ओळखावा आणि तो पुन्हा देण्याचा आभासही टाळावा असाच होता. नागपूरने त्याच्या बारा वर्षे आधी ते एका मंडळीच्या घटनेत उतरवले होते. सर्वजण आले असे मात्र नाही. दीर्घ वाटाघाटींत सहभागी असलेल्या अमेरिकी परंपरेच्या मेथडिस्टांनी अखेरच्या टप्प्यावर वेगळे राहण्याचा निर्णय घेतला, आणि आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत हे दोन्ही समुदाय थोड्याच अंतरावर आपापली उपासना करत असतात.

मराठी प्रोटेस्टंटांच्या पंथभेदात वादविवादापेक्षा भूगोलाचा हात मोठा आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि सोलापूर या बाजूस अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, कोल्हापुरास अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे, पुण्यास स्कॉटिश मिशनचे आणि नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे. ज्याचे गाव ज्या मिशनच्या टापूत पडले त्या मिशनचा पंथ त्याच्या वाट्याला आला. १९१९ च्या मे महिन्यात तमिळ प्रदेशातील तरंगमबाडी येथे जमलेल्या भारतीय धर्मसेवकांनी, त्यांत बिशप व्ही. एस. अझरायाह प्रमुख होते, हीच व्यथा मांडली होती : या फुटी आम्ही पाडलेल्या नाहीत आणि त्या टिकवण्याची आमची इच्छा नाही, असा त्यांच्या निवेदनाचा भाव होता. त्याच महिन्यात मुंबईत मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक निवर्तले. त्यांनी १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला होता आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली होती. तरंगमबाडीच्या निवेदनापेक्षा टिळकांचे हे पाऊल अधिक धाडसी होते, आणि कदाचित म्हणूनच ते संस्थेच्या रूपाने टिकले नाही.

अशा पार्श्वभूमीवर ऐक्याची उपासना नेमके काय करते, हा प्रश्न उभा राहतो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याविषयी जे शासनपत्र काढले त्यात या प्रश्नाची दोन टोके स्पष्टपणे पुढे ठेवली आहेत. सामायिक उपासना ही एका बाजूने ऐक्याची साक्ष असते, म्हणजे जे आहे ते प्रकट करणारी. दुसऱ्या बाजूने ती कृपेचे साधन असते, म्हणजे जे नाही ते घडवणारी. साक्षीच्या दृष्टीने पाहिले तर ऐक्य नसताना एकत्र विधी करणे बहुतेक वेळा खोटे ठरते. कृपेच्या दृष्टीने पाहिले तर काही वेळा तसे करणे इष्ट ठरते. त्या शासनपत्राने हा ताण सोडवण्याचा आव आणला नाही, आणि हे त्याचे बलस्थान मानले पाहिजे. १९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे भरलेल्या ‘विश्वास आणि व्यवस्था’ परिषदेने त्याच ताणाकडे व्यवहाराच्या बाजूने पाहिले होते : खोलवरच्या मतभेदांमुळे वेगळे वागणे जेथे भागच आहे तेवढ्या बाबी सोडून बाकी सर्व कामे मंडळ्यांनी एकत्रच करायला नकोत काय, असा तिचा सवाल होता. आखणी करणाऱ्यांच्या हाती येणारी ही सर्वांत उपयुक्त कसोटी आहे, कारण तिने पुराव्याचा भार उलटा फिरवला : एकत्र का यावे हे सिद्ध करण्याऐवजी वेगळे का राहावे हे सिद्ध करावे लागते.

साक्ष आणि साधन यांतील ताण महाराष्ट्राला अपरिचित नाही. काल्याच्या कीर्तनानंतर सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून तो प्रसाद वाटण्याची वारकरी परंपरा समतेचा मोठा संस्कार मानली जाते, आणि तो संस्कार खराही आहे. परंतु त्याच परंपरेच्या पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर पायरीशी राहिली, आणि दलितांसाठी विठ्ठल मंदिराचे दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण यावे लागले. काला खोटा होता असा याचा अर्थ नाही. शतकानुशतके तो असे काही बोलत राहिला की जे दाराने ऐकले नाही, आणि दार न ऐकता उभे राहू शकले याचे एक कारण कदाचित हेही असेल की काल्याने मनाचे समाधान होत होते. ख्रिस्ती ऐक्याच्या उपासनेवर हाच धोका अधिक तीव्रपणे येतो, कारण तिच्यात काला नाही. ज्या एका पंक्तीने ऐक्य दिसायचे तीच, म्हणजे प्रभूचे मेज, अजून वेगळी आहे. जातिव्यवस्थेच्या संदर्भात मराठीने घडवलेला ‘रोटीव्यवहार’ हा शब्द येथे जसाच्या तसा लागू पडतो, आणि तो लावताना थोडी लाज वाटणे स्वाभाविक आहे.

यामुळे वचनाची निवड निर्णायक ठरते. ऐक्याच्या उपासनेसाठी सहसा योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय घेतात, ज्यात येशू आपल्या शिष्यांनी एक व्हावे म्हणून पित्याजवळ प्रार्थना करतो. तो अध्याय उदात्त आहे. पण दीर्घ, वळणावळणाची प्रार्थना सात वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचत नाही, आणि मोठ्यांना ती इतक्या वेळा ऐकवली गेली आहे की तिची टोचणी उरलेली नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एक शरीर आणि अनेक अवयव हे रूपक मुलांना आवडते, हेही खरे. पण त्याच्या आधीच्याच अध्यायात पौल ज्या भांडणावर बोलतो ते वाचले जात नाही. करिंथ येथे श्रीमंत लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत, आणि पौल त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगतो. अवयवांचे रूपक त्या पंक्तीतल्या भेदभावावरचा इलाज होते. भेदभाव गाळून केवळ रूपक घेतले की हात-पाय-डोळ्यांची चित्रे तेवढी उरतात.

या प्रकारच्या उपासनेला मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय, तेहतिसाव्या वचनापासून पुढे, अधिक उचित आहे. कफर्णहूमच्या वाटेवर आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांची वादावादी झालेली असते. घरात आल्यावर येशू खाली बसतो, त्यांना सेवकपणाविषयी सांगतो, एक मूल घेऊन त्यांच्या मधोमध उभे करतो, त्याला कवेत घेतो, आणि अशा मुलाचा स्वीकार करणारा माझाच स्वीकार करतो असे म्हणतो. येथे मूल म्हणजे निरागसतेचे प्रतीक, हा अर्थ पुष्कळ नंतरचा आहे. त्या काळच्या समाजात मूल म्हणजे ज्याला हक्क नाही, ज्याचा शब्द कोणी धरत नाही, असा घरातला सर्वांत खालचा माणूस होता. मात्र या उताऱ्याचे खरे वैशिष्ट्य पुढच्याच वाक्यात आहे. मूल अजून मधोमध असतानाच योहान तक्रार करतो की एक माणूस तुझ्या नावाने भुते काढत होता, आणि तो आपल्याला अनुसरत नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केले. तो येशूला अनुसरत नव्हता, अशी ही तक्रार नाही. तो शिष्यांच्या गटात नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. पंथाभिमानाची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच सापडते. येशू त्याला अडवू नका म्हणतो, आणि लगेच, ख्रिस्ताचे म्हणून कोणी तुम्हांला पेलाभर पाणी पाजले तर त्याचे फळ त्याला मिळेल असे सांगतो. पुढे लहान्यांना अडखळवणाऱ्यांविषयीचा कठोर इशारा येतो, मग अडखळवणारा हात, पाय आणि डोळा यांच्याविषयीची भयंकर वचने येतात, आणि अध्याय संपतो तो आपसांत शांतीने राहा या आज्ञेने. मोठेपणाच्या भांडणापासून शांतीपर्यंतचा हा एकच प्रवाह आहे, आणि वय व पंथ हे त्याचे दोन काठ आहेत. हात तोडण्याची वचने मुलांसमोर वाचावीत काय, यावर मतभेद होतील. एकेचाळिसाव्या वचनावर थांबून थेट शेवटच्या वचनाकडे जाणे हा त्यातल्या त्यात सुज्ञपणाचा मार्ग दिसतो, फक्त मधली वचने गाळली आहेत हे वाचकाने मोठ्याने सांगावे.

वाचनाचा हा मार्ग स्वीकारला की बाकी आखणी बरीचशी त्यातून निघते. मूल मधोमध उभे करायचे असेल तर बसण्याची रचनाच वर्तुळाकार करावी लागते. वेदीकडे तोंड करून मांडलेल्या बाकांत मधोमध असे काही नसतेच. मुलांना सुरुवातीला पाच मिनिटे पुढे बोलावून एक वस्तू दाखवायची, टाळ्या घ्यायच्या आणि मग त्यांना बाहेर खेळायला पाठवायचे, ही रूढ पद्धत या उताऱ्याशी सरळ विसंगत आहे, कारण शिष्यांची कानउघाडणी होते त्या सबंध वेळेत मूल तेथेच असते. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात मोशे नियमशास्त्र ऐकवण्यासाठी पुरुष, स्त्रिया, मुले आणि वस्तीतले परदेशी या सर्वांना एकत्र बोलावण्यास सांगतो, आणि योएल संदेष्टा तर अंगावर पिणाऱ्या बाळांनाही उपासाच्या सभेत आणायला सांगतो. ऐकू येणारे रडणे हा त्या उपासनेचा दोष नव्हता. वृद्धांचा विचार मात्र संयोजकांकडून उलट्या कारणाने राहून जातो. सर्व वयोगट म्हटले की मुलेच डोळ्यांपुढे येतात, आणि ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, मोठा ध्वनिवर्धक सोसत नाही, त्यांच्यासाठी कोणी जागा केलेली नसते. पाठांतरावर चालणारी जुनी पदे घेतली तर निरक्षर आजी आणि वाचता न येणारे मूल एकाच पातळीवर येतात. पेटी, टाळ आणि मृदंग यांच्या साथीने म्हटले जाणारे ख्रिस्ती भजन आणि अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले ख्रिस्ती कीर्तन या कामी विशेष उपयोगी आहेत, कारण कीर्तनात धृपदाशी सर्व वयांना काम असते आणि आख्यानात सर्वांना गोष्ट मिळते.

शब्दांचा प्रश्न नाजूक आहे. मराठी ख्रिस्ती लोकांच्या दोन मोठ्या घरांत धार्मिक शब्दांचे दोन संच तयार झाले आहेत : एकीकडे उपासना, पाळक, मंडळी, तर दुसरीकडे मिस्सा, धर्मगुरू, ख्रिस्तसभा, धर्मग्राम. प्रभूची प्रार्थनाही दोन घरांत थोड्या निराळ्या शब्दांत म्हटली जाते, आणि एकत्र म्हणताना नेमक्या त्याच जागी आवाज अडखळतात. एक नवा सामायिक पाठ छापून वाटण्याचा मोह टाळलेला बरा. प्रत्येकाने आपल्या तोंडी बसलेल्या शब्दांत ती मोठ्याने म्हणावी, आणि दोन पाठांचा जो गलका होईल तो होऊ द्यावा. वसईच्या वाडीतील कॅथलिक आजी आणि नगरच्या खेड्यातून आलेला प्रोटेस्टंट मुलगा एकाच पित्याला दोन शब्दांनी हाक मारताना ऐकू येणे, हे छापील एकवाक्यतेपेक्षा अधिक खरे आहे.

प्रतीकांच्या बाबतीत फार थोडेच सांगण्यासारखे आहे. अशा उपासनांत चित्राचे तुकडे जुळवण्याचा खेळ हमखास असतो : प्रत्येक मंडळीच्या हाती एक तुकडा, आणि शेवटी सर्व मिळून क्रूस. त्या खेळात प्रत्येक तुकड्याची जागा आधीच कापून ठेवलेली असते, कोणालाही बदलावे लागत नाही, आणि दोन तुकडे एकमेकांना काही देत नाहीत. मुलांना तो आवडतो हे खरे, पण ऐक्याविषयी तो जे शिकवतो ते बरोबर नाही.

मार्काने दिलेले पाणी मात्र वापरण्यासारखे आहे. प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला या उपासनेत नसतील, कारण तेथे अजून एकवाक्यता नाही आणि नसलेली दाखवणे ही खोटी साक्ष होईल. पेलाभर पाण्यावर कोणत्याही पंथाचा नियम नाही. तरीही महाराष्ट्रात पाणी हे निरुपद्रवी चिन्ह नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा ते पाणी पिणे हाच हक्काचा उच्चार होता. आणि आज मराठी मंडळ्यांत बसणाऱ्या अनेकांच्या पूर्वजांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते, ही आठवण त्यांच्या घरांतून पुसलेली नाही. म्हणून एक मातीचा माठ वर्तुळाच्या मधोमध असावा, पेले सर्व एकसारखे असावेत, आणि एका मंडळीच्या मुलाने दुसऱ्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना व मग त्या वडीलधाऱ्यांनी तिसऱ्या मंडळीच्या मुलाला पाणी द्यावे. पेले निरनिराळे ठेवू नयेत, हे सांगण्याची वेळ यावी हेच या भूमीचे दुखणे आहे. पाणी देताना काही बोलण्याची गरज नाही. बोललेच तर येशूच्या नावापलीकडे दुसरे शब्द नकोत, नाहीतर त्याचा विधी बनेल आणि विधीबरोबर विधीवरचा वादही येईल. पापांगीकार, म्हणजे देवापुढे आपल्या चुका कबूल करण्याचा भाग, सहसा आरंभी असतो. येथे तो पाण्यानंतर घेतला तर बरे, कारण कशाची कबुली द्यायची हे तोवर कळलेले असते.

एखादे सात-आठ वर्षांचे मूल, माठ रिकामा होत असताना, पाणी सर्वांना मिळाले तर भाकर का मिळाली नाही असे विचारील, हे जवळजवळ गृहीत धरावे. त्याला कॅथलिक धर्मगुरू एक उत्तर देतील, पाळक दुसरे, बाप्टिस्ट वडील तिसरे, आणि तिन्ही उत्तरे आपापल्या परंपरेशी प्रामाणिक असतील. एरवी ही उत्तरे तीन वेगळ्या इमारतींत, तीन वेगळ्या मुलांना दिली जातात, आणि कोणाला दुसऱ्याचे उत्तर ऐकावे लागत नाही. आखणीच्या शेवटच्या बैठकीत चहा, खुर्च्या आणि ध्वनिवर्धक यांच्या बरोबरीने एवढेही ठरवून ठेवावे, की उपासना संपल्यावर त्या मुलाजवळ तिघांपैकी कोण थांबेल, आणि पहिला बोलत असताना बाकीचे दोघे तेथेच उभे राहतील काय.